धोंड्याच्या महिन्यातला सराऊंड

लोणी भापकरच्या गेणूआबांनी उभ्या जन्मात डोळे झाकून एकच गोष्ट पसंत केली होती, ती म्हणजे जावई. बाकी सगळं पारखून. घोंगडं घ्यायचं तर उन्हात धरून भोकं बघणार, खुरपं घ्यायचं तर नखावर धार लावून बघणार. आणि मेंढी घ्यायची म्हटली की माणूस नुसता फौजदार! दहा वर्षांमागं दारात ऐंशी मेंढरं होती, तेव्हाची सवय. बाजारात उभे राहिले की आधी दात बघायचे, मग डोळ्यांपुढनं काठी फिरवायची, मग मागं उभं राहून एकदा डावीकडं चुटकी, एकदा उजवीकडं. चांगल्या जनावराचा कान लगेच वळतो. बहिरं जनावर हाकेला येत नाही, मागं रेंगाळतं, आणि लांडग्याला पहिलं तेच घावतं.

पण "पोरगा इंदापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो" एवढं कानावर पडलं आणि आबा विरघळले. मेंढरांमागं चालून पायाची लाकडं झालेला माणूस. आपली कौसल्या पंख्याखाली खुर्चीवर बसेल, एवढंच त्यांना दिसलं. मल्हारचे ना दात बघितले ना चाल.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. नव्याण्णव सालचा उन्हाळा, आणि त्यात आला धोंड्याचा महिना. धोंड्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही सगळ्यांचीच रीत. वर जमेल तशी एक वस्तू. कुणी चांदीचा दिवा देतं, कुणी अंगठी. मल्हाररावांनी मात्र कौसल्याच्या हाती चिठ्ठीच धाडली होती: कॉम्प्युटरला जोडायचा फाइव्ह पॉइंट वन सराऊंड, पाच स्पीकर आणि एक वूफर. साधा डेक चालणार नाही.

"ही कसली वस्तू गं?" फुलाबाईनं लेकीला विचारलं. कौसल्या चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बघा, परवा आल्यापास्नं हिचं ह्ये आसं," फुलाबाई नवऱ्याकडं वळून म्हणाली. "हाक मारली तर ओ न्हाय. इंदापूरचं पाणी लागलं जणू! आईचं बोलणंबी ऐकू यीना झालंय."

कौसल्या दचकून वळली आणि हसली. "इचारात हुते गं आई."

दोन दिवसांनी दुपारी जावई येणार होते. म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या एस्टीनं आबा आणि कौसल्या बारामतीला निघाले. तिथं झुंबरशेठ नावाचा दुकानदार असले संच स्वतः जोडून विकायचा. कंपनीच्या मालाला एका म्हशीचे पैसे पडले असते, याचं निम्म्यात भागत होतं. स्वस्त म्हटल्यावर आबांचा संशय आधीच जागा झाला. शिवाय गावातल्या एकानं कानात सांगितलं होतं, "आबा, स्वस्तात मागची दोन खोकी पोकळ असत्यात. नुसती जाळी लावत्यात. पावनं वाजवायला बसलं की तुमची अब्रू जाईल, बघा."

अब्रूचं नाव निघालं म्हणजे संपलंच. आबांच्या जिवाला घोर लागला. धोंड्यात दिलेली वस्तू फसवी निघाली तर सासरी लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून झुंबरशेठनं चहा मागवला तर चहाला हात लावला नाही.

"चहा मागनं. आधी माल बगू."

झुंबरशेठ जुना माणूस, त्याला गिऱ्हाईक कळायचं. त्यानं मधोमध खुर्ची मांडली. दोन खोकी समोर डावी-उजवीकडं, एक मधे, दोन पाठीमागच्या कोपऱ्यांत, आणि खाली बुटका वूफर. सीडी लावली तसं एक हेलिकॉप्टर दुकानात शिरलं आणि डोक्याभोवती फिरायला लागलं. रस्त्यावरची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली.

"बसा ताई," शेठ म्हणाला. "बघा कसं फिरतंय."

कौसल्या बसली. "झ्याक हाय, आबा. घ्या."

"आगं थांब! झ्याक म्हणायला काय लागतंय? शेठ, येकायेकी वाजवा. एका वेळी येकच खोकं. कौसे, डोळं मीट. जिकडनं आवाज येईल तिकडं हात कर."

"कशाला आबा, चांगलं वाजतंय की."

"मीट म्हनतो न्हवं."

शेठनं मागच्या वायरी बदलून एकेक खोकं वाजवायला सुरुवात केली. समोरचं उजवं वाजलं. कौसल्यानं बरोबर उजवीकडं हात केला. मागचं उजवं वाजलं, तेही बरोबर. मग समोरचं डावं. तिचा हात जरा घुटमळला आणि पुन्हा उजवीकडंच गेला. मग मागचं डावं. पुन्हा उजवीकडं.

झालं! आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शेठ, काय समजलासा मला? डावीकडची दोनी खोकी पोकळ हायती! माझी लेक खोटं सांगंल व्हय?"

"आबा, जिभेला हाड ठेवा. कान लावून बघा," शेठ चिडून म्हणाला.

आबांनी डाव्या खोक्याला कान लावला आणि झटक्यात मागं सरले. आत पोकळ कसलं, कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज! मग ते स्वतः खुर्चीवर बसले, डोळे मिटले, आणि पाचही खोकी त्यांनी न चुकता ओळखली. दारातला एक माणूस हसला. "ताईंचं ध्यान माहेरच्या धोंड्यात हाय," असं काहीतरी बोलला.

आबा खजील झाले आणि तो राग लेकीवर निघाला. "ध्यान कुठं हाय गं तुजं? चारचौघांत माजं हसं केलंस. परत बस." या खेपेला मात्र त्यांनी खुर्ची उलटी फिरवली. का फिरवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तोंड मागच्या भिंतीकडं करून कौसल्या बसली. शेठनं तीच खोकी त्याच क्रमानं वाजवली. मघाशी चुकलेली दोन्ही आता बरोबर आली. आणि मघाशी बरोबर आलेली दोन्ही चुकली.

हेलिकॉप्टर एका कोपऱ्यात घरघरत होतं. शेठनं हळूच बटण बंद केलं.

आबांचा हात आपोआप उठला. चाळीस वर्षांची सवय, तिला काय सांगायचं? लेकीच्या मागं उभं राहून त्यांनी उजव्या बाजूला चुटकी वाजवली. तिची मान वळली. मग डाव्या बाजूला वाजवली. अगदी कानाजवळ. कौसल्या डोळे मिटून तशीच बसून राहिली, पुढच्या आवाजाची वाट बघत.

काल लेक चुलीपुढं बसली होती ती फुलाबाईकडं डावी बाजू करून, हे त्यांना तिथं, त्या दुकानात उभ्या उभ्या आठवलं. "चल भाईर," एवढंच ते म्हणाले.

एस्टी स्टँडाजवळच्या रसवंतीत दोघं बसले. आबा मुद्दाम तिच्या उजवीकडं बसले. रसाचे ग्लास पुढं आले, त्यांवर माश्या बसायला लागल्या.

"कधीपास्नं?"

"काय कधीपास्नं?"

"कौसे."

तिनं ग्लासावरच्या माश्या हाकलल्या. मग खालच्या आवाजात म्हणाली, "संक्रांतीपास्नं. मिक्सर लावायला म्या कॉम्प्युटरची पिन काढली. त्येंचं तीन दिसांचं काम गेलं. मलाबी ठावं नव्हतं आबा, पिन काढली की जातं म्हणून."

"एकदाच मारलं?"

तिनं पदर डाव्या कानावर ओढला. म्हणजे एकदाच नव्हतं. आबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. या पोरीला त्यांनी घोड्यावर बांधून सारा घाट उतरवला होता, तापात फणफणलेली असताना रात्रभर छातीशी धरली होती, आणि कधी साधी टपली मारली नव्हती.

"कानातनं पू आला तवा डाक्टरकडं नेलं. त्येंनीच डाक्टरला सांगितलं, पाय घसरून पडली म्हणून. पडदा फाटलाय म्हणं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आबा, उद्या एक शबूद बोलायचा न्हाय."

"न्हाय बोलायचा? त्येचा मी—"

"तुमी बोलाल. ते मान खाली घालून ऐकून घेतील, पायाबी पडतील. आन मग इंदापुराला दार लावल्यावर मला बोलतील." तिनं बापाचं मनगट धरलं. "घ्या बिरोबाची आण. कुणालाच सांगायचं न्हाय. आईलाबी न्हाय."

आबांनी मान हलवली. तिनं सोडलं नाही. शेवटी बिरोबाची आण घेतली तेव्हाच तिनं हात काढला. बिरोबाची आण म्हणजे धनगराच्या पोराला पुढं वाट नाही. भरल्या ग्लासाला हात न लावता दोघं उठले.

"आन ती वस्तू घ्या," ती म्हणाली. "ती न्हेली न्हाय तर आजून वायलंच हुईल."

झुंबरशेठनं संच खोक्यांत भरून दिला. घासाघीस केली नाही, उलट आपण होऊनच थोडे कमी केले. पावतीच्या मागं त्यानं बारामतीतल्याच एका कानाच्या डॉक्टरचं नाव लिहिलं. "आबा, मी काही बघितलं नाही. पण एकदा दाखवा," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्या रात्री आबांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

मल्हार आणि त्याचे वडील मोहनराव दुसऱ्या दिवशी दुपारी जीपनं आले. मल्हार उतरला तो आधी आबांच्या पाया पडला, मग फुलाबाईच्या. गोड पोरगा! आवाज कसा, लोण्यासारखा. "आई, तुमच्या हातचे धोंडे खायचे म्हणून कालपास्नं जेवलो न्हाय," म्हणाला, आणि फुलाबाई फुलून गेली. आबा मात्र त्याच्या उजव्या हाताकडं बघत होते. हातात अंगठी होती. ती आपणच लग्नात घातली, हे त्यांना आठवलं.

मल्हारनं स्वतः खोकी फोडली, सोप्यात जोडणी केली, जीपमधनं सीडी प्लेअर आणून गाणं लावलं. सगळी आळी गोळा झाली. "एक लंबर आणलाय, आबा," तो म्हणाला. "पाचीच्या पाची वाजत्यात. बरा पारखून घेतला."

"व्हय," आबा म्हणाले. "पारखून घेतला."

मग वाणाची वेळ झाली. गाणं बारीक केलं. पाट मांडले. जोडप्यानं बसायचं तर बाई नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, त्याप्रमाणं कौसल्या मल्हारच्या उजवीकडं बसली. म्हणजे तिचा डावा कान त्याच्याकडं आला. आबांच्या हे ध्यानात आलं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला. आण घेतली होती, नाहीतर तिथंच "पाट बदला" म्हणून ओरडले असते.

फुलाबाईनं तबक पुढं केलं. तेहतीस अनारसे, वर दिवा. कौसल्यानं ते दोन्ही हातांत घेतलं.

"पदर घे डोईवर," मल्हार ओठ न हलवता पुटपुटला.

कौसल्या समोर बघून हसत होती.

"पदर."

ती हसतच होती. आबांना त्याच्या गळ्याची शीर दिसली. आळीतल्या बायका बघत होत्या, मोहनराव बघत होते. तिसऱ्यांदा तो बोललाच नाही. तिचा पदर नीट करायला त्यानं नुसता उजवा हात वर उचलला. मारायला नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. त्या घडीला त्याच्या मनात मारायचं नव्हतं.

पण कौसल्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो हात आला मात्र! तबक सुटलं. दोन्ही हातांनी डावा कान झाकून ती पाटावरच मुटकुळं करून बसली. दिवा विझला, अनारसे सोपाभर पसरले, आणि पाची खोक्यांतून बारीक गाणं चालूच राहिलं.

फुलाबाई पुढं धावली. "कौसे, काय गं झालं? कानाला काय झालं?" ती डावीकडनं विचारत होती. लेक वर बघेना. "कौसे! आगं बोल की!" आईचा आवाज चढत गेला आणि मधेच थांबला. लेक आल्यापासून हाका मारल्या, रागं भरले, ते सगळं तिच्या तोंडावर आलं. तिनं वर बघितलं ते नवऱ्याकडं.

"उपाशी असंल. घेरी आली," मोहनराव म्हणाले.

"तिला सवयच हाय आसं करायची," मल्हार हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "जरा भित्री हाय."

आबा खांबाला धरून उभे होते. बोलावं तर आण मोडते, न बोलावं तर आजच ही जीप लेकीला घेऊन जाते. त्यांनी डोळे मिटले. 'बिरोबा,' ते मनात म्हणाले, 'काय करायचं ते माझं कर. तिचं नगं.'

"सवय लागलीया तिला," ते मोठ्यानं म्हणाले. "तुमच्या हातानं लागलीया, जावईबापू. डाव्या कानाचा पडदा फाडलाय तुमी माझ्या लेकीचा. संक्रांतीला. एका पिनीपायी."

मल्हारचं तोंड पांढरं पडलं, मग लाल झालं. "आबा, नवरा-बायकोत थोडंफार... चुकलं माझं. पाया पडतो." आणि तो खरंच वाकला! कौसल्यानं सांगितलं होतं अगदी तसंच.

"झालं की आता," मोहनराव म्हणाले. "पोरगं पाया पडतंय. पोरीला आमी काय कमी केलंय? आवरा, जेवणं करू. चार वाजता निघायचंय."

आबा लेकीच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "कौसे, म्या आण मोडली. आता माझ्या शब्दाला काय किंमत न्हाय. तूच सांग. जायचं, का ऱ्हायचं? तू म्हणशील तसं."

कौसल्या उठली. कुणाकडंच तिनं बघितलं नाही. सरळ सराऊंडपाशी गेली आणि पिन काढली. गाणं तुटलं. मग एकेक वायर सोडून तिनं गुंडाळी केली, खोकी एकेक करून पुठ्ठ्याच्या डब्यांत भरायला लागली. नीट, कोपरे सांभाळून.

मल्हारच्या जिवात जीव आला. "बघा बाबा," तो वडलांना म्हणाला, "शाणी हाय ती. तिला कळतंय समदं." मोहनरावांनी मान डोलावली. फुलाबाईनं तोंडाला पदर लावला. आबांनीही तेच ताडलं. निघाली. आपण आण मोडली, बिरोबानं लगेच हिशेब केला, असं त्यांना वाटलं. अडवावं म्हणून ते अर्धे उठलेही, पण 'तू म्हणशील तसं' असं आत्ताच चारचौघांत बोलले होते. ते खाली बसले.

कौसल्यानं पाची डबे एकामागून एक जीपमधे नेले. वूफर जड होता. मल्हार हात लावायला पुढं झाला, तिनं लावू दिला नाही. मग सीडी प्लेअर, वायरींची गुंडाळी. पुन्हा आत आली, जावयासाठी काढलेला पोशाख घेतला, मोहनरावांची टोपी खुंटीवरनं काढली. सोप्यात नजर फिरवली. पाटाखाली रिमोट राहिला होता, तो वाकून उचलला. सगळं जीपच्या मागच्या सीटवर लावलं, आणि तिच्या बसायच्या जागेवर वूफर नीट टेकवून ठेवला.

"आन तुझी बॅग?" मल्हारनं विचारलं. या खेपेला तो तिच्या उजवीकडं उभा होता.

"बघून घ्या," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज सगळ्या आळीला ऐकू गेला. "तुमची समदी वस्तू दिलीया. टोपी हाय, रिमोट हाय, बारक्यातली बारकी वायर हाय. आत्ताच बघून घ्या. मागनं कायतरी ऱ्हायलं म्हणून परत ह्या दारात यायचं न्हाय."

तिनं जीपचं दार लोटलं, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं, आणि ती घरात आली.